दुवापान (चर्चमधील वापर)

दुवापान म्हणजे निवडक दुव्यांची एकाखाली एक बटणे मांडलेले लहानसे वेबपान. बोलण्यात हा शब्द फारसा येत नाही. लोक 'लिंक पेज' म्हणतात, किंवा नुसतेच 'चर्चची लिंक पाठव' म्हणतात. पानावर मजकूर जवळजवळ नसतो. वर चर्चचे नाव आणि इमारतीचा एखादा फोटो, खाली उपासनेची वेळ, नकाशा, थेट प्रक्षेपण, अर्पण, प्रार्थना-विनंती, शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची धर्मशाळा) अशी पाच-सात बटणे. मराठीत 'दुवा' म्हणजे साखळीतली कडी आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. बटण दाबल्यावर गेल्या नाताळचे पत्रक उघडले, तर मात्र दुसऱ्या अर्थाची आशा सोडावी.

ही पद्धत चर्चने काढलेली नाही. इन्स्टाग्रामवर खातेदाराला स्वतःच्या ओळखीत एकच दुवा देता येई. त्या अडचणीतून २०१६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे 'लिंकट्री' ही सेवा सुरू झाली आणि पुढे तिच्यासारख्या अनेक आल्या. इन्स्टाग्रामने एप्रिल २०२३ मध्ये पाच दुव्यांची मुभा दिली, तोवर एका पानावर सगळे ठेवण्याची सवय रुळली होती. चर्चना तिची गरज वेगळ्या कारणाने लागली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे दारे बंद झाली, उपासना यूट्यूबवर गेली आणि प्रत्येक रविवारच्या प्रक्षेपणाचा पत्ता नवा येऊ लागला. तो पत्ता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकावा, तर 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली तासाभरात गाडला जाई. न बदलणारा एक पत्ता आणि त्याआड बदलणारा दुवा, ही दुवापानाची सारी युक्ती.

उदाहरण कोल्हापूरचे घेऊ. तिथे प्रॉटेस्टंट मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासद-समुदायाचा, इतिहास रॉयल गूल्ड वायल्डर या अमेरिकन मिशनऱ्यापासून सांगतात. ते १८५२ साली शहरात आले. न्यू शाहूपुरीतील वायल्डर मेमोरियल चर्च त्यांचे नाव चालवते. विद्यार्थ्यांच्या जागतिक मिशन चळवळीत पुढे नाव कमावलेले त्यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म १८६३ चा, तोही कोल्हापूरचाच. शहराबाहेर कोडोलीसारखी जुनी मिशन ठाणी आहेत, आणि मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभारलेले रुग्णालय. कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेली, पण नाव अजून इथल्याच मंडळीच्या पटावर असलेली कुटुंबेही आहेत. त्यामुळे दुवापान उघडणारा माणूस एकाच प्रकारचा नसतो. शिवाजी विद्यापीठात नुकता दाखल झालेला विद्यार्थी, शिरोली एमआयडीसीत बदलून आलेला कामगार, सीपीआर या सरकारी रुग्णालयात नातेवाइकाला घेऊन आलेले गावाकडचे कुटुंब आणि जन्मापासून त्याच बाकावर बसणाऱ्या आजी, सगळे तेच पान उघडतात.

म्हणून बटणांच्या क्रमाला महत्त्व. आजींना उपासना किती वाजता हे पाठ असते, नवख्याला नसते. पहिली दोन बटणे नवख्याची, 'उपासना केव्हा' आणि 'कसे यायचे', बाकीची घरच्यांची, असा क्रम सोयीचा पडतो. पुष्कळ ठिकाणी नेमके उलट होते: वर चर्चचा इतिहास, मग पाळकसाहेबांचा परिचय, मग पंच कमिटीची नावे, आणि वेळ तळाशी. इतिहास अभिमानाचा असला तरी दुचाकी रस्त्याकडेला लावून पत्ता शोधणाऱ्याला तो नको असतो. नकाशाच्या बटणाखाली एक ओळ खुणेची द्यावी. कोल्हापुरात सर्व्हे नंबर सांगून कोणी पोहोचत नाही. दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, कावळा नाका यांपैकी काहीतरी सांगितल्यावाचून रिक्षावालाही मीटर पाडत नाही. उपासना मराठीत की इंग्रजीत, गाडी कुठे लावायची, लहान मुले आणली तर चालतील का, हे प्रश्न नवखा माणूस तोंडाने विचारायला संकोचतो. 'पहिल्यांदाच येताय?' असे एक बटण तो संकोच वाचवते.

बटणांवरचे शब्द बाहेरच्याला कळणारे हवेत. 'प्रभुभोजन' (भाकर व द्राक्षारसाचा विधी), 'दशमांश' (उत्पन्नाचा दहावा भाग), 'सेशन' (मंडळीची कारभारी सभा) हे शब्द मंडळीत रोजचे; शेजारच्या घरातून मित्राबरोबर नाताळला आलेल्याला ते कोडे वाटते. शब्द बदलायची गरज नाही, शेजारी दोन शब्दांत उलगडा पुरतो.

पानाचा वरचा भाग ऋतूप्रमाणे बदलतो. पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो, त्यामुळे झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडे) दुपारी बारा ते तीनची, वधस्तंभावरील येशूच्या सप्तवचनांची उपासना आणि रविवारची पहाटेची उपासना यांच्या तारखा साल घालूनच लिहाव्या लागतात. कोल्हापुरात यात पावसाळ्याची भर पडते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शाहूपुरीच्या सखल भागासह शहराचा मोठा भाग अडकला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. अशा आठवड्यात उपासना आहे की नाही, कुठल्या सभागृहात आहे, मदत कुठे गोळा होते आहे, याचे एकच बटण सर्वांत वर आणून बाकीची तात्पुरती झाकता येतात. छापील पत्रकाला हे जमत नाही.

दारावर किंवा उपासनाक्रमाच्या कागदावर छापलेला क्यूआर कोड पानाची जोडी पुरी करतो. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार झाला. तो एकदा छापला की त्यातला पत्ता बदलत नाही; म्हणून कोड थेट यूट्यूबच्या एखाद्या व्हिडिओकडे नेऊ नये, दुवापानाकडे न्यावा. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही सेवा मधे स्वतःचा पत्ता घालतात आणि मुदत संपल्यावर कोड मरतो. संगमरवरावर कोरून घेण्याआधी हे तपासलेले बरे.

सर्वांत नाजूक बटण अर्पणाचे. थैली फिरते तेव्हा कोणी किती घातले ते दिसत नाही. यूपीआयवर देणाऱ्याचे नाव उमटते, आणि घेणाऱ्याचेही. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर जे नाव येते ते नोंदणीकृत न्यासाचे असावे, खजिनदाराचे नव्हे. नाहीतर हिशेब चोख असला तरी शंका राहते, आणि सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षित हिशेब द्यायचे असतातच. दुवापान जगभर दिसते, याचीही आठवण ठेवावी लागते. परकीय योगदान (विनियमन) कायदा, २०१० नुसार परदेशी स्रोताकडून देणगी घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच यावी लागते. भारतीय पारपत्र असलेल्या आखातातल्या भाच्याने स्वतःच्या कमाईतून पाठवलेले पैसे या व्याख्येत बसत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मावशीचे बसतात. बटणाखाली 'फक्त भारतीय नागरिकांसाठी' ही ओळ त्यासाठी असते.

प्रार्थना-विनंतीचा अर्ज दिसायला साधा, पण त्यात आजार, कर्ज, घरातली भांडणे लिहिली जातात. तो थेट पाळकांकडे जावा. गटावर 'अमुक भगिनीसाठी प्रार्थना करा' असे पडले की त्या भगिनीला विचारले होते का, हे पाहणारे कोणी नसते. शब्बाथ शाळेच्या नावनोंदणीत मुलांची माहिती घेतली जाते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे; तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरते. गीतांचे दुवे देताना स्वामित्वहक्काचा विचार करावा लागतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली निवर्तले आणि भारतात हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे त्यांच्या गीतांचे शब्द मोकळे आहेत. नव्या गीतांचे आणि अलीकडच्या बायबल-भाषांतरांचे तसे नाही.

पान बंद पडण्याचे नेहमीचे कारण तांत्रिक नसते. तरुण संघातला एखादा मुलगा हौसेने ते स्वतःच्या ईमेलवर तयार करतो, वर्षभर सांभाळतो, मग हिंजवडीला नोकरी लागते आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. खाते चर्चच्या ईमेलवर ठेवून चाव्या दोघांकडे दिल्या की हे टळते. बदल करायला शनिवारची संध्याकाळ सोयीची, कारण तोवर रविवारच्या सूचनांचा कागद चिटणिसाकडे तयार असतो. उपासनेत व्यासपीठावरून वाचला जाणारा तो कागद आणि दुवापान एकाच हातून निघाले, तर स्मार्टफोन नसलेल्या आजींना आणि पुण्यातल्या नातवाला एकच वेळ कळते.