यीस्टला ऑक्सिजन कशासाठी लागतो?

घरी बिअर बनवणाऱ्यांमध्ये एक समजूत घट्ट रुजलेली आहे: स्टार्टरमध्ये भरपूर हवा खेळवली की यीस्ट ऑक्सिश्वसन करू लागते आणि अल्कोहोल न बनवता सगळी ऊर्जा वाढीसाठी वापरते. शाळेतल्या श्वसनाच्या धड्यावरून काढलेला हा निष्कर्ष तर्काला धरून वाटतो. तरीही बिअरच्या यीस्टला तो लागू पडत नाही.

मुख्य बिअर लावण्याआधी यीस्टच्या पेशी वाढवून घेण्यासाठी केलेले छोटे किण्वन म्हणजे स्टार्टर. एल या उबदार तापमानाला आंबणाऱ्या बिअरसाठी वर्टच्या, म्हणजे माल्टच्या गोड अर्काच्या, दर मिलिलिटरमागे आणि दर अंश प्लेटोमागे (प्लेटो हे वर्टमधल्या साखरेचे माप) साडेसात लाख पेशी हव्यात, असा ढोबळ नियम आहे. १२ अंश प्लेटोच्या २० लिटर वर्टला त्यानुसार १८,००० कोटी पेशी लागतात. कमी तापमानाला आंबणाऱ्या लागरला याच्या दुप्पट. द्रवरूप यीस्टच्या ताज्या पाकिटात साधारण १०,००० कोटी पेशी असतात आणि साठवणुकीत त्यांतल्याही बऱ्याच मरतात. म्हणून लिटरभर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम माल्ट अर्काची भुकटी दहा-पंधरा मिनिटे उकळून, निवल्यावर त्यात यीस्ट सोडतात आणि एक-दोन दिवस ढवळत ठेवतात.

आता ऑक्सिजनकडे वळू. भोवती साखर मुबलक असली की सॅकरोमायसीज सेरेव्हिसी हे यीस्ट ऑक्सिजन हाताशी असूनही किण्वनच करते. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. स्टार्टरमध्ये साखर मुबलकच असते, त्यामुळे तिथे अल्कोहोल बनतेच. मग हवा देऊन साधते काय? साधते ते पेशीपटलाचे बांधकाम. पेशीपटल लवचीक राहण्यासाठी एर्गोस्टेरॉल हे यीस्टमधले मुख्य स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले लागतात, आणि ती तयार करणाऱ्या विकरांना रेणूरूप ऑक्सिजनच हवा असतो. ऑक्सिजन नसेल, तर स्टेरॉल बनण्याची साखळी स्क्वालीन या मधल्या पदार्थापाशी येऊन अडते. आंद्रेआसेन आणि स्टायर या संशोधकांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की ऑक्सिजनविना वाढणाऱ्या यीस्टला एर्गोस्टेरॉल बाहेरून पुरवावे लागते.

या सगळ्या व्यवहारातला सर्वांत देखणा भाग मला पुढचा वाटतो. हवा भरपूर मिळालेल्या पेशीत स्टेरॉलचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे १ टक्का असते. तिला कळी फुटून नवी पेशी सुटी झाली की हा साठा मायलेकींत वाटला जातो. हवा बंद असेल, तर पहिल्या पिढीनंतर अर्धा टक्का, दुसरीनंतर पाव आणि तिसरीनंतर अष्टमांश टक्का उरतो. प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास आले की साखर शिल्लक असूनही पेशी विभाजन थांबवते. असे दुबळे पटल अल्कोहोलही नीट सोसू शकत नाही, आणि बिअर अर्धवट गोड राहण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

ढवळण्यासाठी पुष्कळ जण मॅग्नेटिक स्टरर वापरतात. त्याच्या चुंबकीय ऊर्जेने यीस्ट तरतरीत होते, अशा दाव्यांना काहीही आधार नाही. चुंबक फक्त आतली कांडी फिरवतो. त्यामुळे पेशी तळाशी बसत नाहीत, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पृष्ठभागावरून हवा आत येत राहते. म्हणूनच चंबूचे तोंड घट्ट बुचाने बंद न करता त्यावर फॉइल सैलसर झाकतात. वाढ किती झाली हे फेसावरून ठरवू नये. चंबू रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे तळाशी पांढुरका दाट थर बसतो. वरचे बेचव पाणी ओतून द्यावे आणि तो थरच वर्टमध्ये घालावा.

कोरड्या यीस्टला मात्र सहसा स्टार्टर लागत नाही. कारखान्यात ते वाढवताना साखर थेंबाथेंबाने देतात आणि हवेचा मारा सतत चालू ठेवतात. साखर अशी तुटपुंजी असल्यामुळे तिथे यीस्ट खरोखरच ऑक्सिश्वसन करते आणि स्टेरॉलचा साठा भरून घेऊनच पाकिटात येते. अशा यीस्टचा, पुरेशी हवा न देता, स्टार्टर केला तर तो साठा मुख्य किण्वनाआधीच खर्ची पडतो.