सुरगाठ, निरगाठ आणि बुटाची नाडी

जुलैतल्या एका रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढत होतो. वाट चिखलाने बरबटलेली, मागेपुढे माणसांची रांग. तासाभराच्या चढणीत माझ्या डाव्या बुटाची लेस चार वेळा सुटली. दर वेळी रांगेतून बाजूला व्हायचं, वाकायचं आणि चिखलात लोळलेली ती दोरी पुन्हा बांधायची. चौथ्या वेळी मागून आलेले एक आजोबा थांबून म्हणाले, "अहो, जरा घट्ट बांधा की!" त्यांच्या स्वतःच्या पायांत चपला होत्या, त्यामुळे सल्ला द्यायला त्यांचं काय जात होतं!

घट्ट तर मी दर वेळी बांधत होतो, पायाला रग लागेपर्यंत. आणि उजव्या बुटाची गाठ त्याच हातांनी, त्याच पद्धतीने बांधलेली असून शेवटपर्यंत टिकली होती. मग डावीचं काय बिनसलं होतं?

मराठीत गाठींसाठी दोन नेमके शब्द आहेत, हल्ली ते फारसे कानावर पडत नाहीत. एक निरगाठ, म्हणजे बसली की नखं तुटेपर्यंत न सुटणारी. दुसरी सुरगाठ, म्हणजे टोक ओढलं की झरकन सुटणारी. बुटाची गाठ ही सुरगाठ आहे आणि ती तशीच हवी. दारात बूट काढायची आपली सवय, तिथे रोज निरगाठी सोडवत कोण बसणार? दोन कान आणि दोन लोंबती टोकं असलेल्या त्या फुलाची सगळी रचना एकाच कामासाठी आहे: टोक ओढलं की कान आत सरकावा आणि गाठ उलगडावी. अडचण इतकीच, की टोक कोण ओढतंय हे गाठीला कळत नाही.

लेंग्याची नाडी मात्र नेमकी उलट वागते. तीही सुरगाठच, पण घाईच्या वेळी हटकून निरगाठ होऊन बसते. कारण टोक चुकून स्वतःच्याच कानातून गेलेलं असतं आणि आपण ते ओढतो, की फास आवळतो. पण दिवसभर ती आपणहून सुटत नाही, हे लक्षात ठेवा. तिची टोकं आत खोचलेली असतात, तिला दणके बसत नाहीत. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

पायताणाला नाडी बांधायचा उद्योग फार जुना आहे. आर्मेनियातल्या आरेनी इथल्या गुहेत २००८ मध्ये एक चामडी बूट सापडला. तो सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा निघाला, आणि त्याच्या छिद्रांत चामड्याची नाडी ओवलेली होती. नाडी सुटते कशी, हे कॅमेरा लावून नीट पाहायला मात्र २०१७ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑलिव्हर ओ'रायली आणि त्यांचे दोन विद्यार्थी, क्रिस्टीन ग्रेग आणि क्रिस्टोफर डेली-डायमंड, यांनी हा प्रश्न हाती घेतला. ग्रेग ट्रेडमिलवर धावल्या आणि सेकंदाला ९०० चित्रं टिपणारा कॅमेरा त्यांच्या बुटावर रोखला गेला.

बराच वेळ काहीच घडत नव्हतं. गाठ जशीच्या तशी. आणि मग एकदम, दोन-चार पावलांतच, सगळं फूल उलगडून नाडी मोकळी. आपल्याला नेमकं असंच वाटतं ना, आत्ता तर ठीक होती आणि आता बघावं तर लोंबतेय? तो भास नाही.

मग त्यांनी अगदी साधे प्रयोग केले. टेबलावर बसून नुसते पाय झुलवले: गाठ सुटली नाही. जागच्या जागी उभं राहून पाय आपटले: तरीही सुटली नाही. झुलणं आणि आपटणं दोन्ही एकत्र आलं, म्हणजे माणूस चालू-धावू लागला, तरच सुटायची. एकट्याने कोणाचंच काम होत नव्हतं.

हे का, ते समजायला बुटावरून जरा धक्क्यावर जाऊ. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला किंवा कुठल्याही बंदरात बोट लागताना पाहा. टनावारी वजनाची बोट लाटांवर हेलकावे खात असते, आणि एक माणूस तिचा दोर खुंट्याभोवती दोन-तीन वेढे देऊन टोक हातात धरून निवांत उभा असतो. ताकद त्याची नाही, वेढ्यांची आहे. खुंट्यावर घासणारा दोर प्रत्येक वेढ्यागणिक ताण कित्येक पटींनी कमी करतो, आणि या पटींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. दोर आणि खुंटा यांच्यातला घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका वेढ्याने साधारण साडेसहा पट, दोन वेढ्यांनी ४३ पट आणि तीन वेढ्यांनी २८५ पट ओढ पेलते. म्हणजे हातातल्या एक किलोच्या ओढीवर पलीकडचे २८५ किलो तोलले जातात. हे गणित अठराव्या शतकात लिओनहार्ड ऑयलरने मांडलं.

गाठ म्हणजे खुंट्याशिवायचा खुंटा. तिच्यात दोरीच दोरीभोवती वेढे घेते, स्वतःच खुंटा आणि स्वतःच दोर. पण या सगळ्या हिशेबाला एक अट आहे. घर्षण दाबावर अवलंबून, आणि दाब ताणावर. ताण आहे तोवर दोरी दोरीला चेपून धरते. ताण क्षणभर जरी गेला, तरी तेवढ्या क्षणापुरती गाठ म्हणजे नुसता गुंता.

धावताना पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा बुटाला गुरुत्वीय त्वरणाच्या सात पटींपर्यंत दणका बसतो. रॉकेटमधून वर जाणाऱ्या अंतराळवीराला साधारण तीन-चार पट सोसावं लागतं. अर्थात त्याला ते मिनिटांवारी सोसायचं असतं, नाडीला निमिषभर. पण नाडीची पाळी प्रत्येक पावलाला येते. प्रत्येक दणक्याला गाठ ताणली जाते आणि सैलावते, ताणली जाते आणि सैलावते, आणि तिचा गाभा जरा जरा ढिला पडत जातो. तेवढ्यात पाय पुढे झेपावतो, थांबतो, मागे जातो. पाय थांबला तरी लोंबती टोकं जडत्वामुळे थांबायला तयार नसतात, ती चाबकासारखी फटकारतात. जणू दोन अदृश्य बोटं सैल गाठीची टोकं हळूच ओढतायत. सुरगाठीला आणखी काय हवं? टोकं ओढली गेली, ती सरकते.

टोक केसभर सरकलं की ते तेवढं लांब आणि जड होतं. पुढच्या पावलाला त्याची ओढ अधिक, म्हणून ते आणखी सरकतं, मग ओढ आणखी वाढते. दरड कोसळावी तसा प्रकार. आधी चार खडे घरंगळतात, मग सगळा डोंगरच खाली येतो. म्हणून तर इतका वेळ काहीच होत नाही आणि मग दोन पावलांत सगळं होतं. लंबकासारख्या झुलणाऱ्या एका यांत्रिक पायावरही त्यांनी गाठी तपासल्या. टोकांना छोटी वजनं लावली की गाठी जास्त वेळा सुटत.

इथे मला सिंहगड आठवला. घरी येऊन बूट बघितले, तर डाव्या लेसची टोकं उजवीपेक्षा चांगली चार बोटं लांब होती, शिवाय चिखलाने माखून जड झालेली. त्या यांत्रिक पायावरची वजनं मी फुकटात बांधून फिरत होतो.

पण टोकांची लांबी हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं गाठीतच असतं, आणि ते बहुतेकांना आयुष्यभर कळत नाही.

बुटाची गाठ दोन टप्प्यांत बसते. आधी दोन टोकांची एक साधी अर्धी गाठ, मग कान करून तिच्यावर दुसरी अर्धी. दोन्ही अर्ध्या गाठी परस्परविरुद्ध दिशेने घेतल्या तर होते ती रीफ नॉट. शाळेत स्काउट-गाईडमध्ये गेला असाल तर 'उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर' हे घोकल्याचं आठवेल. शिडाचा गुंडाळलेला भाग, म्हणजे रीफ, बांधायला खलाशी ती वापरत. दोन्ही अर्ध्या एकाच दिशेने घेतल्या तर होते ग्रॅनी नॉट. या साहेबी नावात आजीबाई उगाच बदनाम झाल्यात. आपल्या आज्यांनी बांधलेला लोणच्याच्या बरणीचा दादरा एकदा सोडवून बघा म्हणावं.

ग्रॅनी लवकर सुटते हे दर्यावर्दींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, आणि बर्कलीच्या प्रयोगांतही तेच दिसलं. पण का, याचं उत्तर तेव्हा त्या तिघांकडेही नव्हतं. ते आलं जानेवारी २०२० मध्ये, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून, 'सायन्स' नियतकालिकात. लेखकांतलं पहिलं नाव विशाल पाटील. हे आडनाव वाचून आपण उगाचच जरा ताठ बसतो, मीही बसलो. त्यांच्यासोबत होते जोसेफ सँट, मथियास कोले आणि योर्न डंकेल. कोले यांच्या प्रयोगशाळेत एक खास धागा तयार झाला होता, ताण पडला की रंग बदलणारा. त्याच्या गाठी आवळल्या की कुठे किती ताण आहे ते रंगांतूनच दिसायचं. त्यावर गणिती प्रारूप बेतलं गेलं.

उत्तर पिळात निघालं. गाठ आवळताना दोरी नुसती सरकत नाही, ती स्वतःभोवती थोडी पिळतेही. रीफमध्ये शेजारशेजारच्या ठिकाणी हा पीळ उलटसुलट दिशांना पडतो. इथे दोरी डावीकडे वळू बघते, तर पुढच्याच वळणावर उजवीकडे. दोन्ही एकमेकांना अडवतात आणि गाठ जागच्या जागी रुतते. ग्रॅनीत पीळ एकाच दिशेचा, मग दोरी लाटण्यासारखी गरगरत सरकायला मोकळी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे पीळ आहे म्हणून तर सुंभ जागेवर राहतो. टाके घालणारे शल्यविशारदही दर वेढ्याला दिशा उलटी करतात ते याचसाठी. पॉलिप्रॉपिलीनसारखा गुळगुळीत धागा असेल तर ते वर आणखी एक-दोन गाठी मारतात.

आपली गाठ कुठली, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. लेस बांधा, गाठ जरा हलवून तिला हवी तशी बसू द्या, चार पावलं चाला आणि खाली बघा. फुलाचे कान बुटाला आडवे, एक डावीकडे एक उजवीकडे पडले असतील, तर रीफ. कान तिरपे होत बुटाच्या लांबीला आले, एक अंगठ्याकडे आणि दुसरा घोट्याकडे, तर ती ग्रॅनी. माझे कान अंगठ्याकडे बघत होते. दोन्ही बुटांचे. चाळीस वर्षं.

दुरुस्ती अगदी एवढीशी आहे. पहिली अर्धी गाठ घेताना उजवं टोक डाव्यावर टाकत असाल, तर आता डावं उजव्यावर टाका. पुढचं सगळं नेहमीसारखंच. फक्त एकच टप्पा उलटा करायचा. दोन्ही उलटे केलेत तर तीच आजीबाई आरशात उभी राहील. वाचायला सोपं वाटतं, पण बोटं ऐकत नाहीत. चाळीस वर्षांचं वळण मोडायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या काळात मी दारात बूट घालताना जीभ बाहेर काढून बसतो, असं घरच्यांचं निरीक्षण आहे.

रीफसुद्धा अमर नाही. बर्कलीच्या प्रयोगांत तीही त्याच रीतीने सुटली, फक्त उशिरा आणि क्वचित. मुंबई मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर धावणाऱ्याची पावलं चाळीस हजारांच्या घरात जातात, म्हणजे एकेका बुटाला वीसेक हजार दणके. अशा वेळी कानाभोवती नाडीचा एका ऐवजी दोनदा वेढा द्यावा आणि मग दुसरा कान ओढून घ्यावा. खुंट्याचं गणित आठवा, एक जादा वेढा पटीत काम करतो, आणि गाठ तरीही सुरगाठच राहते. कानांचीच पुन्हा एक गाठ मारायची आपली शाळकरी पद्धतही चालते, पण ती ओली झाली की सोडवताना दातांचा विचार मनात येतो. टोकं लांब असतील तर ओवणीखाली खोचावीत, लेंग्याच्या नाडीसारखी. आणि गोल, चकचकीत सिंथेटिक लेसपेक्षा चपटी सुती लेस बरी, ती खरखरीत असते.

लेस छिद्रांतून ओवण्याच्या पद्धतीत मात्र डोकं घालू नका. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले गणितज्ञ बर्कार्ड पोल्स्टर यांनी २००२ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की घट्टपणाच्या हिशेबात आपली नेहमीची फुली-फुलीची आणि सरळ आडव्या पट्ट्यांची पद्धतच सर्वांत सरस आहे. ती माणसांनी गणिताशिवायच शोधून काढली होती.

ऑगस्टमध्ये पुन्हा सिंहगडावर गेलो. टोकं कापून आखूड केलेली, पहिली अर्धी गाठ उलटी घेतलेली, कान आडवे. चिखल तोच, रांग तीच. डाव्या बुटाची लेस त्या दिवशी एकदाच सुटली, पुणे दरवाजापाशी. आत खडा गेला होता, म्हणून मीच टोक ओढलं.