सांकेतिक ओळख-खेळ: विरंगुळा, पुरावा आणि पुन्हा विरंगुळा

साथीदाराशी आधी ठरवलेल्या खुणेवर चालणारे ओळख-खेळ आज मेजवानीतला निरुपद्रवी विरंगुळा मानले जातात. त्यांची आजची घडण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली, आणि त्या काळात काही वर्षे हेच खेळ एका मनातील विचार दुसऱ्या मनात पोहोचतो याचा पुरावा म्हणून मांडले जात होते.

त्याआधीची परंपरा रंगमंचाची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात डोळ्यांवर पट्टी बांधलेली व्यक्ती प्रेक्षकांच्या हातातील वस्तू ओळखत असे. १८४६ पासून पॅरिसमधील एका जादूगाराने आपल्या मुलासह हा प्रयोग विलक्षण लोकप्रिय केला. प्रेक्षकांना खूण त्याच्या हातातील घंटीच्या आवाजात असल्याचा संशय आला की तो घंटी बाजूला ठेवून गप्प उभा राही, आणि तरीही मुलगा वस्तूचे वर्णन करी. एकच उत्तर दोन स्वतंत्र मार्गांनी पोहोचवायचे आणि प्रेक्षकाने एक मार्ग हेरला की दुसरा वापरून त्याचा तर्क त्याच्याच देखत पाडायचा, ही युक्ती त्यानंतरच्या अनेक सांकेतिक खेळांत दिसते. ब्लॅक मॅजिक या खेळात साथीदाराला एकेक वस्तू दाखवत ‘हीच का?’ असे विचारतात आणि काळ्या वस्तूनंतर विचारलेली वस्तू हेच उत्तर असते, पण मुरलेली जोडी पुढच्या फेरीत काळ्याऐवजी लाल रंग धरते, तेव्हा तेच घडते.

१८८० च्या सुमारास इंग्लंडमधील दिवाणखान्यांत एक खेळ रूढ झाला होता. एकाने खोलीबाहेर जायचे, उरलेल्यांनी एखादी कृती ठरवायची आणि परतलेल्याने ती ओळखून करायची. डर्बीशायरमधील बक्स्टन येथे एका धर्मोपदेशकाच्या मुली हाच खेळ खेळत आणि खेळायचे पत्ते, नावे व वस्तू आश्चर्यकारक अचूकतेने ओळखत. लंडनमध्ये १८८२ मध्ये स्थापन झालेल्या, विचारसंक्रमणासारख्या गूढ घटना तपासणाऱ्या एका अभ्यासमंडळाने त्यांचे प्रयोग आपल्या पहिल्या पुराव्यांत अग्रभागी ठेवले. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, केंब्रिजमधील प्रयोगांत या बहिणी खुणा करताना पकडल्या गेल्या आणि त्यांनी ते मान्यही केले. नजर वर गेली की बदाम, खाली गेली की चौकट, उजवी-डावीकडे गेली की उरलेले दोन रंग. उजवा हात चेहऱ्याकडे गेला तर राजा, डावा गेला तर राणी, हातांची घडी घातली तर गुलाम. मध्ये पडदा लावला की जमिनीवर पाय घासण्याचा आवाज तेच काम करी.

वाद पेटला तो या पुराव्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे यावर. एका पक्षाचे म्हणणे असे होते की सुरुवातीच्या काही फेऱ्यांत पत्ता केवळ निरीक्षकांनाच ठाऊक होता, बहिणींपैकी कोणालाही नव्हता. खूण करणारेच कोणी नसल्याने ते निकाल अबाधित राहतात. पहिल्या प्रयोगांतील एक प्रमुख निरीक्षक पुढेही अनेक वर्षे या मतावर ठाम राहिला. दुसऱ्या पक्षाच्या मते, जे खेळाडू आपसांत एकदा संगनमताने वागले त्यांच्या कोणत्याही फेरीवर भिस्त ठेवता येत नाही. मंडळाने १८८८ मध्ये खुणांचा तपशील स्वतःच छापला, आणि हा प्रामाणिकपणा नोंद घेण्याजोगा आहे. तरीही खेळाच्या बाजूने पाहिले तर दुसरा पक्षच बरोबर ठरतो. ‘खूण करणारे कोणी नव्हते’ हे विधान करण्यासाठी खुणा कोणकोणत्या मार्गांनी जाऊ शकतात याची संपूर्ण यादी हाती असावी लागते, आणि ती यादी निरीक्षकाच्या हाती कधीही पुरी लागू नये यासाठीच तर असा खेळ रचलेला असतो. शिवाय खोलीत बसलेल्या निरीक्षकाचा चेहरा हाही एक मार्ग आहे, याचा विचार त्या वेळी पुरेसा झाला नव्हता.

गणितही येथे उपयोगी पडले नाही. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पत्त्यांचा रंग ओळखण्याचे २,९२७ प्रयत्न मोजले गेले. योगायोगाने ७३२ उत्तरे बरोबर यायला हवी होती, ती ७८९ आली. असा हिशेब योगायोगाचे माप देतो. खोकला, जांभई किंवा वळलेली नजर त्याच्या कक्षेत येतच नाही, उलट खूण जितकी चोख तितका निकाल आकड्यांत अधिक भक्कम दिसतो. लंडनच्या याच मंडळाने ब्रायटनमध्ये अभ्यासलेल्या दोन तरुणांपैकी एकाने १९०८ मध्ये आणि पुन्हा १९११ मध्ये, सगळे संकेतांवर चालले होते अशी जाहीर कबुली दिली. दुसऱ्याने ती साफ फेटाळली.

राहिलेली उणीव बर्लिनमधील एका घोड्याने दाखवून दिली. टाप आपटून गणिते सोडवणाऱ्या या घोड्याच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत असे निघाले की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची व शरीराची नकळत झालेली सूक्ष्म हालचाल पाहून तो थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की घोडा चुके. तेथे संगनमत नव्हते, आधी ठरवलेला संकेतही नव्हता, आणि खूण मात्र होती.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या खेळांचे लक्ष्य बदलले. येथे नियम आहे हे आधीच जाहीर करायचे आणि तो शोधणे हाच खेळ ठरवायचा, ही पद्धत रुळली. १९५६ मध्ये रचलेल्या आणि १९५९ मध्ये एका विज्ञान मासिकातून सर्वत्र पोहोचलेल्या एल्युसिस या पत्त्यांच्या खेळात पाने वाटणारा खेळाडू एक गुप्त नियम ठरवतो आणि टाकलेले पान बरोबर की चूक एवढेच सांगतो. नियम फार सोपा किंवा फार अवघड केला तर त्याचेच गुण बुडतात. मेजवानीतल्या सांकेतिक खेळांना असा लगाम कधीच नव्हता. ज्याला नियम कळत नाही त्याला तासभर हसत ठेवण्याची मुभा त्यात होती, आणि ती त्यांची खरी कमजोरी आहे.

अशा खेळात माणसे का अडकतात याचे उत्तर १९६० च्या एका ब्रिटिश प्रयोगाने दिले. २, ४, ६ या संख्या एका नियमात बसतात असे सांगून तो नियम शोधायला लावले, तेव्हा २९ पैकी केवळ ६ जणांचे पहिले उत्तर बरोबर आले. नियम फक्त ‘चढता क्रम’ एवढाच होता, पण बहुतेकांनी आपल्या तर्काला पूरक अशीच उदाहरणे पुढे केली. तर्क मोडेल असे उदाहरण फारसे कोणी घेतले नाही. कात्री ‘उघडी’ की ‘मिटलेली’ असे म्हणत ती पुढच्याला देण्याचा खेळ याच सवयीवर चालतो. बरोबर उत्तर कात्री देणाऱ्याच्या पायांची घडी आहे की नाही यावर ठरते, आणि प्रत्येक जण कात्रीची पाती पाहत राहतो. फासे टाकून आकडा विचारणाऱ्या ‘गुलाबाभोवतीच्या पाकळ्या’ या खेळात तर नावातच नियम सांगितलेला असतो: मधला ठिपका गुलाब, भोवतीचे पाकळ्या, म्हणून ३ ला २ आणि ५ ला ४.

अलीकडचे खेळ संकेत उघडपणे मांडतात. २०१५ मध्ये आलेल्या कोडनेम्स या खेळात मांडलेल्या २५ शब्दांपैकी आपल्या संघाचे शब्द सुचवण्यासाठी एक शब्द आणि एक संख्या एवढेच बोलता येते, आणि चेहऱ्यावरून, स्वरावरून किंवा हातवाऱ्यांवरून काहीही सुचवण्यास नियमानेच मनाई आहे.