फ्रान्समधून ब्रिटनला ‘एकास एक’ योजनेतून: अर्ज कोणाचा चालतो, कागद कोणते लागतात

१० जुलै २०२५ रोजी लंडनच्या शिखर परिषदेत ब्रिटनचे पंतप्रधान किअर स्टार्मर आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी ‘एकास एक’ योजना जाहीर केली. त्याआधीची खटपट मोठी. बोटीने आलेली माणसं ब्रिटनने फ्रान्सला परत पाठवली, तर ती शेवटी आपल्याच गळ्यात पडतील, अशी धास्ती इटली, स्पेन, ग्रीस, माल्टा आणि सायप्रस यांना होती, म्हणून युरोपीय आयोगालाही राजी करावं लागलं. करार ६ ऑगस्टला लागू झाला.

हिशेब असा: छोट्या बोटीतून इंग्लिश खाडी ओलांडून आलेल्या एकाला ब्रिटन फ्रान्सला परत धाडणार आणि बदल्यात फ्रान्समधल्या दुसऱ्या एकाला रीतसर येऊ देणार.

अर्जदार प्रत्यक्ष फ्रान्समध्येच हवा. नाशिकमध्ये बसून हा अर्ज भरता येत नाही. कुटुंबाला एकत्र जाता येतं, पण पालकांशिवाय एकट्या असलेल्या अल्पवयीन मुलांना ही वाट बंद आहे. आश्रय मिळण्याची शक्यता जास्त असलेल्या देशांचे लोक आणि ब्रिटनशी आधीचं नातं असलेले लोक यांना प्राधान्य मिळतं. भारतीयांनी इथे फार आशा ठेवू नये, असं माझं मत.

सुरुवात ऑनलाइन इच्छा-अर्जाने होते. पासपोर्ट किंवा दुसरं ओळखपत्र आणि अलीकडचा फोटो तयार ठेवा. निवड झाली तर आधी चेहऱ्याची पडताळणी, मग फ्रान्समधल्या व्हिसा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. सुरक्षा तपासणी कडक असते. त्यातून पार पडलात तरी हातात मिळतात फक्त तीन महिने. तेवढ्यात आश्रयाचा दावा किंवा व्हिसाचा अर्ज करायचा, आणि त्या काळात नोकरी करायची नाही.

शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, पण ब्रिटनला न चालणाऱ्या) पॅरिस फिरायला गेलेल्यांनी याच्या नादी लागू नये. लंडन पाहायचं तर ब्रिटनचा नेहमीचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो.

आणि ‘बोटीने पोहोचवतो, पुढचं बघू’ म्हणणाऱ्या एजंटापासून तर दूरच राहा. या करारानुसार १८ सप्टेंबर २०२५ रोजी हीथ्रोहून पॅरिसच्या विमानात बसवलेला पहिला माणूस भारतीयच होता. आठवड्याभरात उलट दिशेने तिघांचं एक कुटुंब ब्रिटनला पोहोचलं, सोबत लहान मूल होतं.

योजना प्रायोगिक आहे, मूळ मुदत जून २०२६ पर्यंतची. त्यामुळे फॉर्म उघडण्याआधी ती सुरू आहे का, हे ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर बघून घ्या.