फाइल लॉक (घरगुती सामायिक सर्व्हरवरील)

एकाच फाइलमध्ये दोघांनी एकाच वेळी बदल करून एकमेकांचे काम पुसू नये, यासाठी सर्व्हर किंवा वापरातला प्रोग्राम त्या फाइलवर जी तात्पुरती अटकाव-खूण ठेवतो, तिला फाइल लॉक म्हणतात. काम संपताच ही खूण निघायला हवी. ती राहून गेली, तर कोणीही उघडलेली नसताना फाइल ‘वापरात आहे’ असा संदेश येतो आणि ती केवळ वाचण्यापुरती उघडते.

कपाशी किंवा संत्र्याच्या बागेचा हिशेब एकत्र ठेवणाऱ्या विदर्भातील कुटुंबाला, घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आणि साम्बा (नेटवर्कवरून फाइल सामायिक करणारी, अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली मुक्त प्रणाली) बसवून सर्वांच्या फाइल एका ठिकाणी ठेवणारा सर्व्हर उभा करता येतो. खेड्यात अडकलेल्या लॉकचे कारण शोधताना पहिला संशय भारनियमनावर घ्यावा. सर्व्हर इन्व्हर्टरवर आणि ओसरीतला संगणक थेट लाइनवर असेल, तर लाइन जाताच तो संगणक फाइल बंद न करताच विझतो, पण सर्व्हरच्या लेखी त्याची जोडणी कायम असते. लिनक्सच्या मूळ मांडणीत निपचित पडलेली टीसीपी जोडणी (दोन संगणकांमधला नेटवर्कवरचा दुवा) जिवंत आहे का, याची पहिली चौकशी ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. साम्बाच्या मांडणीत हा अवधी कमी करता येतो आणि इथे तो करावाच. एनएफएस या फाइल सामायिक करण्याच्या दुसऱ्या पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत लॉक मुदतीवर दिलेला असतो, आणि लिनक्स सर्व्हरवर ही मुदत सहसा ९० सेकंदांची असते.

अडकलेल्या लॉकचा दुसरा प्रकार सर्व्हर बंद-चालू करूनही सुटत नाही, कारण तिथे लॉक ही डिस्कवर उरलेली वेगळी फाइल असते. लिबरऑफिसमध्ये कापसाच्या चुकाऱ्यांची फाइल उघडली, की तिच्याच शेजारी टिंबाने सुरू होणारी आणि हॅशच्या चिन्हाने संपणारी एक लहानशी लपलेली फाइल तयार होते. साध्या मजकूर-संपादकात ती उघडल्यास उघडणाऱ्याचे नाव, संगणकाचे नाव, तारीख आणि वेळ एका ओळीत वाचायला मिळते. निम्मा शोध तिथेच संपतो.

तरीही लॉकची फाइल दिसताक्षणी पुसणे ही सर्वांत घातक घाई होय. धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर तीच फाइल खरोखर उघडी असेल, तर नंतर जतन करणाऱ्याची प्रत आधीच्या नोंदी गिळून टाकते, आणि चुकाऱ्याच्या नोंदी पुन्हा जुळवणे सोपे नसते. म्हणून आधी घरात विचारावे, मग सर्व्हरवर ‘एसएमबीस्टेटस’ ही आज्ञा चालवून कोणत्या संगणकाने कोणती फाइल धरली आहे ते पाहावे. तो संगणक बंद असल्याची खात्री झाल्यावर मूळ फाइलची प्रत काढून केवळ त्याच जोडणीची प्रक्रिया थांबवावी किंवा उरलेली लॉक-फाइल काढावी.

एकच फोल्डर साम्बा आणि एनएफएस अशा दोन्ही वाटांनी उघडा ठेवल्यास एका बाजूचा लॉक दुसरीला दिसेलच असे नाही, त्यामुळे एकच वाट ठेवावी. एसक्यूलाइटवर (सगळी विदा एकाच फाइलमध्ये साठवणाऱ्या प्रणालीवर) चालणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रामची विदा-फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नये. नेटवर्कवरील फाइलप्रणालीत लॉक बेभरवशाचे असू शकतात, असा इशारा एसक्यूलाइटच्या निर्मात्यांनीच दिला आहे. हिशेबाचा संगणक आणि वायफायचा राउटर सर्व्हरच्याच इन्व्हर्टरवर घेतल्यास, लाइन गेल्यावर फाइल जतन करून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो.