हिबिस्कस टी म्हणजे आपली अंबाडीच! त्या आंबट लाल चहाची पार्श्वभूमी

बॉक्सवर स्ट्रॉबेरी, रासबेरी, सफरचंदाची फोड असं सगळं चित्र असतं, नावातही बेरी असते, आणि पहिला घोट घेतला की जिभेच्या दोन्ही कडांना जी आंबट कळ लागते ती यातल्या एकाही फळाची नसते. मला ती चव ओळखीची वाटत होती पण काही केल्या नाव सापडेना, शेवटी बॉक्स उलटा करून बारीक अक्षरं वाचली तर यादीत पहिलंच नाव हिबिस्कस. आणि मग एकदम लख्ख आठवलं, यवतमाळला मावशीकडे दिवाळीनंतर गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळत घातलेली अंबाडीची बोंडं! तीच चव, फक्त चटणीतली लसूण-मिरची वजा.

हिबिस्कस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गणपतीची जास्वंद येते आणि बरेच जण तसंच समजून हा चहा पितात. जास्वंद त्याच कुळातली हे खरं, पण कपातलं झाड वेगळं, हिबिस्कस सबदरिफा, म्हणजे आपली लाल अंबाडी. (आपल्याकडे अंबाडी या एका नावाखाली दोन सख्ख्या बहिणी नांदतात, दुसरी हिबिस्कस कॅनाबिनस, तिचा वाख काढून दोर वळायचे, भाजी दोघींच्या पाल्याची होते.) आणि दुसरी गोष्ट, कपात पाकळ्या नसतातच. फूल सकाळी उमलतं, फिकट पिवळं, मध्ये गडद डोळा, आणि त्याच दिवशी मिटतं. मग त्याच्या खालचा जो कप असतो, शाळेत निदलपुंज म्हणून शिकलो तो, तो फुगायला लागतो, मांसल होतो, लालभडक होतो, आत हिरवी बोंडी धरते. ती बोंडी हाताने किंवा पोकळ नळीने ढकलून काढायची आणि बाहेरचा लाल भाग वाळवायचा, तोच हा चहा. त्यात सायट्रिक, मॅलिक अशी आम्लं भरपूर, म्हणजे लिंबात आणि सफरचंदात असतात तीच, म्हणून फळ न घालताही तो फ्रुटी लागतो.

झाड मूळचं आफ्रिकेतलं. सुदान आणि इजिप्तमध्ये त्याला करकदे म्हणतात, आणि तिथे तो हेल्थ ड्रिंक वगैरे नाही, पाहुणा आला की पुढे येणारा ग्लास आहे, लग्नात हमखास असतो, थंडही पितात आणि गरमही, अस्वानचा करकदे तर नावाजलेला. सुदानच्या कोर्दोफान भागातल्या वाळूच्या जमिनीत, नुसत्या पावसाच्या पाण्यावर हे पीक येतं. पश्चिमेला सेनेगलमध्ये तोच बिसाप होतो, पुदिना घालून भरपूर गोड, घानात सोबोलो, नायजेरियात झोबो, त्यात आलं आणि लवंग. मला या नावांचं फार अप्रूप वाटतं, कारण प्रत्येक नावामागे कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे.

अटलांटिकपलीकडे हे झाड गेलं ते गुलामांच्या व्यापाराबरोबर. माणसांना साखळ्यांत बांधून नेलं आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या ओळखीच्या बिया गेल्या, ब्राझीलमध्ये सतराव्या शतकात अंबाडी होती आणि जमैकात १७०७ मध्ये ती पिकत असल्याची नोंद आहे. जमैकात इंग्रजांनी तिला सॉरेल म्हटलं, कारण युरोपात त्या नावाची एक आंबट पालेभाजी होती, आपण नाही का काहीही आंबट पान दिसलं की चुका म्हणतो तसं. आता तिथल्या ख्रिसमसला सॉरेल लागतंच, आलं आणि मसाला घालून रात्रभर भिजवलेलं, मोठ्यांसाठी वरून रम. ख्रिसमसच का, तर अंबाडी दिवस लहान होत गेल्यावरच फुलावर येते, त्यामुळे बोंडं तयार होतात नोव्हेंबर-डिसेंबरात आणि सण नेमका तेव्हाच. आपल्याकडेही तेच गणित, म्हणून तर मावशीच्या गच्चीवर ती दिवाळीनंतर दिसायची.

मेक्सिकोत तिचं नावच फ्लोर दे हामाइका, जमैकाचं फूल! पाण्यात उकळून साखर घालून मोठ्या काचेच्या बरण्यांत ठेवलेलं लाल आग्वा दे हामाइका तिथे रस्त्यारस्त्यावर मिळतं, आपल्याकडे उन्हाळ्यात कोकम सरबत मिळतं तसं. गेरेरो राज्यात तिची शेती मोठी आहे, तरी देशाची तहान एवढी की नायजेरियातून वाळलेली बोंडं जहाजाने येतात.

आता हा रस्त्यावरचा ग्लास युरोपच्या कपात कसा गेला तो भाग. १९३५ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर हल्ला केला, राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध घातले, आणि मग सरकारने सांगायला सुरुवात केली की इंग्रजांचा चहा नको, आपल्या वसाहतीतला, म्हणजे एरिट्रियातला कार्कादे प्या. इटालियनमध्ये हा शब्द आजही आहे. एका वसाहतीतल्या लोकांचं रोजचं पेय दुसऱ्या साम्राज्याशी भांडायला वापरलं गेलं, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तो कप हातात धरून बसलो होतो.

पण बॉक्समधल्या फ्रूट टीची खरी घडण जर्मनीची. जर्मन भाषेत गरम पाण्यात जे काही भिजवाल त्याला टीच म्हणतात, कॅमोमाइल टी, पुदिना टी, त्यामुळे फळांचा टी म्हणायला तिथे कुणाला अडचण नव्हती. जंगली गुलाबाच्या फळाची, म्हणजे रोझहिपची सालं आणि हिबिस्कस ही तिथली नेहमीची जोडी, त्यात वाळलेल्या सफरचंदाचे तुकडे आणि मग हवा तो फ्लेवर. रोझहिपला अंग आहे पण रंग फिका, सफरचंदाला गोडवा आहे पण धार नाही, वाळलेली स्ट्रॉबेरी महाग आणि गरम पाण्यात फारशी उतरत नाही. रंग आणि आंबटपणा दोन्ही एकदम आणि स्वस्तात देणारी एकच वस्तू, ती म्हणजे अंबाडी. म्हणून बॉक्सवर चेरी असो नाहीतर रासबेरी, आत कणा बहुतेक वेळा तिचाच असतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की चित्रातही तीच असायला हवी.

अमेरिकेत १९६९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी काही तरुण पोरांनी डोंगरातून रानवनस्पती गोळा करून सेलेस्टियल सीझनिंग्ज नावाची कंपनी काढली आणि १९७२ मध्ये रेड झिंगर नावाचा चहा आणला, हिबिस्कस, रोझहिप, पुदिना, गवती चहा, संत्र्याची साल. तो इतका चालला की तिकडे हर्बल टी म्हटलं की लाल रंग हे समीकरणच झालं. पुढे २०१० मध्ये बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ६५ जणांवर ६ आठवडे अभ्यास केला, रोज ३ कप हिबिस्कस टी, आणि पिणाऱ्यांचं वरचं ब्लडप्रेशर सरासरी ७.२ अंकांनी उतरलं, हा चहा न पिणाऱ्या दुसऱ्या गटाचं १.३. तेव्हापासून याची जाहिरात औषधासारखी व्हायला लागली. अभ्यास चांगला आहे पण छोटा आहे, आणि बीपीची गोळी चालू असेल तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आपल्याकडे मात्र हे झाड ज्वारी-कापसाच्या शेताच्या कडेला उभं राहिलं आणि पाल्यासाठीच जास्त ओळखलं गेलं, कण्या आणि डाळ घालून शिजवलेली, वर लसणाची चरचरीत फोडणी असलेली अंबाडीची भाजी आणि भाकरी, शेजारी तेलंगण-आंध्रात गोंगुरा. बोंडांची चटणी, सरबत विदर्भात घरोघरी व्हायचं पण विकायला ठेवावं असं ते कुणाला वाटलं नाही. आता तीच वाळलेली बोंडं हिबिस्कस नावाने ऑनलाइन मिळतात.

चव घ्यायचीच असेल तर एकदा फ्लेवरवाली पिशवी बाजूला ठेवून नुसती घ्या. एका कपाला दोन चमचे, वरून कडकडीत पाणी, काचेचा ग्लास असेल तर उत्तम, लाल धागे खाली सुटत जातात आणि दोन मिनिटांत सगळं पाणी माणकासारखं होतं. पाच मिनिटांच्या पुढे ठेवू नका, तुरटपणा वाढतो. आधी आंबट लागतं, मग जरा करवंदासारखं, आणि शेवटी गालाच्या आत कोरडेपणा राहतो. दूध चुकूनही नको, फाटतं. गूळ चालतो, पण ग्लासातल्या थोड्याशा चहात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, आम्ल मरतं आणि लाल रंग निळसर काळपट होतो, कारण तो रंग अँथोसायनिनचा आहे, जांभळात असतो त्याच जातीचा.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे मग विकत कशाला आणतोस, सांगायचं ना." डिसेंबरात डबा आला. निम्मी बोंडं चटणीला गेली, उरलेली रोज संध्याकाळी दोन-दोन चमचे करून पितोय.