व्हीआरमधला निवांत स्पर्श

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणारं आभासी जग. त्यात नुसतं बघण्या-ऐकण्यावर न थांबता अंगालाही काहीतरी जाणवून द्यायचं आणि त्यातून माणसाचा ताण उतरवायचा, अशी एक पद्धत आहे. स्पर्शाच्या या तंत्राला हॅप्टिक्स म्हणतात.

यात खरा खेळ वेगाचा आहे. हाताच्या वरच्या बाजूला, पाठीवर, म्हणजे जिथे बारीक लव असते तिथल्या त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर अशा संथ वेगाने कोमट हाताने कुरवाळलं की ते सगळ्यात जास्त जागे होतात, घाईघाईने चोळलं तर तेवढे नाही. आजी पाठीवरून हात फिरवते ना, तसंच. व्हीआरच्या हातात धरायच्या कंट्रोलरमधली मोटर मात्र घर्र घर्र करते, ती कंपनं तळहातातल्या वेगळ्याच मज्जातंतूंना कळतात, त्यामुळे फोन वाजल्यासारखं दचकायला होतं, म्हणून नुसत्या व्हायब्रेशनला मी तरी निवांतपणा म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट टायमिंग. १९९८ मध्ये बॉटविनिक आणि कोहेन या संशोधकांनी दाखवलं की खरा हात आडोशाला ठेवून समोरच्या रबरी हातावर आणि खऱ्या हातावर एकाच वेळी ब्रश फिरवला की रबरी हात आपलाच वाटायला लागतो, दोन्ही ब्रशांची वेळ जुळली नाही की ते वाटणं ओसरतं. व्हीआरलाही हेच लागू, दिसणं आणि जाणवणं एकाच वेळी व्हायला हवं.

श्वासाचाही वापर होतो, पोटाशी धरलेली उशी हळूहळू फुगते-बसते आणि तिच्याबरोबर आपला श्वास मिनिटाला ६ च्या आसपास येतो. श्वासाचा शरीरावर काय परिणाम होतो ते यंत्रांनी मोजायचं काम लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ च्या सुमारासच हाती घेतलं होतं, पुण्याच्या इतक्या जवळ, हे आपल्याकडे फार जणांना माहीतच नसतं.

घरीही करून बघता येतं. हिंजवडीहून ट्रॅफिकमधून पिचून आल्यावर मी कोथरूडच्या घरी बाबांना हेडसेट लावून टेकडीवरचं गवत दाखवलं आणि टेबल फॅन एकवर ठेवला. पहिल्यांदा गवत हललं आणि वारा नंतर आला, बाबा म्हणाले, "फॅन लावलास का रे?" दुसऱ्यांदा दोन्ही एकदम जमलं, तेव्हा काही बोललेच नाहीत, फक्त खांदे खाली आले. चक्कर, मळमळ वाटली तर मात्र हेडसेट लगेच काढायचा, आणि डोळे झाकलेल्या माणसाला न सांगता हात लावायचा नाही.